जुन्या मोटारगाड्या आणि इंजिनचा इशारा-दिवा

(कर्जत, जिल्हा अहिल्यानगर येथील वाहनमालक, चालक व कारागीर यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्जत शहर रेल्वेमार्गावर नाही. येथील सर्व दळणवळण रस्त्यावरूनच चालते. तालुक्यातील मिरजगाव हे नगर-सोलापूर रस्त्यावर आहे. कर्जतहून राशीनमार्गे भिगवणला जाणारा रस्ता पुणे-सोलापूर महामार्गास मिळतो. आजाऱ्याला अहिल्यानगर वा पुण्याच्या रुग्णालयात न्यावयाचे असो, मुलांना परीक्षेस पोहोचवावयाचे असो, सिद्धटेकचे दर्शन असो वा राशीनच्या देवीची यात्रा असो, घरची चारचाकी गाडी ही आता ग्रामीण कुटुंबाचीही गरज झाली आहे. यातील पुष्कळशा गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आलेल्या असतात. त्यांचे वय दहा ते वीस वर्षांचे असते. अशा गाडीच्या काचेखालील फलकावर एके दिवशी इंजिनच्या आकाराचा पिवळसर दिवा लागतो आणि तो विझत नाही. मालक चिंतेत पडतो, कारण गाडी तर नेहमीसारखीच चालत असते.

या दिव्याच्या बाबतीत दोन गोष्टी सर्रास घडतात. एक तर त्याकडे महिनोन्‌महिने दुर्लक्ष केले जाते. किंवा कोणाच्या तरी सल्ल्याने सायलेन्सरमधील जाळी काढून टाकून, अथवा दिव्याची जोडणीच तोडून, प्रश्न मिटविल्याचे समाधान मानले जाते. दोन्ही मार्ग अखेरीस महाग पडतात आणि त्यांची किंमत केवळ गाडीच्या मालकालाच द्यावी लागते असे नाही. हा दिवा नेमके काय सांगतो, त्याच्यामागील यंत्रणा कशी चालते आणि कमीत कमी खर्चात योग्य दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी, याची माहिती प्रत्येक वाहनमालकास असणे म्हणूनच आवश्यक आहे.

धुरात काय असते?

पेट्रोल पूर्णपणे जळाले तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच शिल्लक राहावयास हवे. प्रत्यक्षात इंजिनातील ज्वलन क्षणार्धात घडते आणि ते कधीच परिपूर्ण नसते. त्यामुळे धुरात तीन घातक घटक उरतात. पहिला कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. परंतु रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेने दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवल्याने माणसे दगावतात ती यामुळेच. दुसरा घटक म्हणजे अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन. त्यांतील बेन्झीन कर्करोगास कारणीभूत ठरते. तिसरा घटक म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे. ज्वलनाच्या प्रखर उष्णतेत हवेतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन ती तयार होतात.

हा प्रश्न केवळ शहरांचा आहे, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि हायड्रोकार्बन यांच्यावर उन्हाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. तो वाऱ्याबरोबर शहराबाहेर दूरवर जातो. हा ओझोन पिकांच्या पानांत शिरून त्यांची वाढ खुंटवितो; गहू आणि सोयाबीन ही पिके त्याला विशेष बळी पडतात. कोरडवाहू शेती आणि भरपूर ऊन असलेल्या प्रदेशाला धुराच्या प्रश्नाकडे पाठ फिरविता येणार नाही.

कन्व्हर्टरचे कार्य

या तीन घटकांचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारे उपकरण म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये, धुराच्या नळीवर ते बसविलेले असते. बाहेरून पोलादी डब्यासारखे दिसणारे हे उपकरण आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे असते. चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाची ही जाळी असते आणि तिच्यातील शेकडो बारीक नलिकांवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. एका मोटारीत या धातूंचे प्रमाण काही ग्रॅमच असते. हे धातू स्वतः खर्च न होता रासायनिक क्रिया घडवून आणतात. त्यांच्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोकार्बनचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होतात आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधून नायट्रोजन मोकळा होतो.

या क्रियेस उष्णता लागते. साधारणपणे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरच कन्व्हर्टर काम करू लागतो. गाडी नुकतीच सुरू केली असता धुराला उग्र वास येतो तो यामुळे. उलटपक्षी, १००० अंशांच्या आसपास किंवा त्यापुढे तापमान गेले तर धातूंचा थर निकामी होतो आणि तापमान आणखी बरेच वाढल्यास जाळीही वितळू लागते.

मोटारींच्या धुरासाठी या उपकरणाचा विकास प्रामुख्याने अमेरिकेत झाला. लॉस एंजेलिस शहरावर पसरणारे दाट धुके मोटारींच्या धुरापासून बनते, हे १९५० च्या सुमारास तेथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. मूळचे फ्रेंच असलेले अभियंता यूजीन हूड्री यांनी त्याच दशकात असा कन्व्हर्टर तयार केला. परंतु त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे आणि शिशाचा थर बसताच कन्व्हर्टर निरुपयोगी होई. त्यामुळे १९७५ सालच्या गाड्यांपासून, शिसेविरहित पेट्रोल मिळू लागल्यावरच, अमेरिकेत त्याचा सर्वत्र वापर सुरू झाला.

ऑक्सिजन सेन्सर: इंजिनचे नाक

तिन्ही घटकांवर एकाच वेळी क्रिया व्हावयाची तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अचूक असावे लागते. एक किलो पेट्रोलास सुमारे १४.७ किलो हवा, असे हे प्रमाण आहे. कार्बोरेटरला इतका काटेकोरपणा साधत नाही. यासाठी १९७६ च्या सुमारास स्वीडनच्या व्होल्वो मोटारीत जर्मनीच्या बॉश कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर प्रथम बसविण्यात आला.

आकाराने स्पार्क प्लगसारखा दिसणारा हा सेन्सर धुराच्या नळीत बसविलेला असतो. त्यातील झिर्कोनियाचे टोक धुरात उरलेल्या ऑक्सिजनचा अंदाज घेते आणि त्यानुसार सूक्ष्म विद्युत दाब निर्माण करते. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर हा दाब ०.९ व्होल्टच्या जवळ जातो. हवा जास्त असेल तर तो ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. इंजिनचा संगणक, ज्याला कारागीर ईसीएम म्हणतात, हा संदेश वाचून पेट्रोलची फवारणी कमी-अधिक करतो. त्यामुळे सुस्थितीतील सेन्सरचा दाब एका पातळीवर स्थिर राहत नाही; इंजिन तापल्यावर तो सतत वरखाली होत असतो.

नंतरच्या गाड्यांत कन्व्हर्टरच्या पुढे आणखी एक सेन्सर आला. कन्व्हर्टर नीट काम करीत असेल तर या दुसऱ्या सेन्सरचा दाब बराचसा स्थिर राहतो. तोही पहिल्यासारखाच वरखाली होऊ लागला, तर कन्व्हर्टरची क्षमता घटली असावी असे संगणक मानतो आणि दिवा लावतो. या दोषाचा संकेतांक बहुतेक गाड्यांत पी ०४२० असा असतो.

कर्जतपर्यंतची वाटचाल

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर अनिवार्य करण्यात आला आणि त्याबरोबरच तेथे शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करून देण्यात आले. उर्वरित देशात मात्र ते सर्वत्र मिळत नव्हते. त्या काळात मुंबईत नोंदलेली नवी गाडी घेऊन कोणी गावाकडे आला आणि शिसेयुक्त पेट्रोल भरून परतला, तर काही टाक्यांतच त्याचा कन्व्हर्टर निकामी होत असे आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नसे. फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले आणि ग्रामीण भागाचा मार्ग मोकळा झाला.

पुढील टप्पे भारत स्टेज या नावाने ओळखले जातात. कर्जतच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २०१० मध्ये भारत स्टेज-४ ची मानके निवडक तेरा शहरांना लागू झाली. त्या यादीत पुणे आणि सोलापूर या दोन्ही शहरांचा समावेश होता. दोहोंच्या मधल्या ग्रामीण भागाला मात्र भारत स्टेज-३ हीच मानके लागू होती. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही मानके संपूर्ण देशात आली. त्यामुळे २०१२ साली बनलेल्या एकाच नावाच्या दोन गाड्यांपैकी पुण्यात नोंदलेली स्टेज-४ ची आणि जिल्ह्यात नोंदलेली स्टेज-३ ची असू शकते. जुना सेन्सर वा कन्व्हर्टर बदलताना हा भेद तपासला नाही, तर चुकीचा भाग बसविला जातो आणि दिवा कायम राहतो. गाडी कोणत्या टप्प्याची आहे, हे धूर तपासणीच्या म्हणजे पीयूसीच्या प्रमाणपत्रावर पाहता येते.

स्वतःचे दोष स्वतःच नोंदविणारी यंत्रणा भारत स्टेज-४ बरोबर २०१० मध्ये आली आणि २०१३ पासून तिचा अधिक काटेकोर टप्पा लागू झाला. २०२० नंतरच्या मोटारसायकलींमध्येही इंधन-फवारणी, ऑक्सिजन सेन्सर आणि इशारा-दिवा आढळतो. म्हणजे हा विषय आता दुचाकीस्वारांचाही झाला आहे.

दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

दिवा लागला म्हणजे कन्व्हर्टर गेला, असे मुळीच नाही. संगणकाला अपेक्षेपेक्षा वेगळे काही आढळले, एवढाच त्याचा अर्थ. स्कॅनर जोडल्यावर मिळणारा संकेतांकही दोष कोठे दिसला ते सांगतो. तो कशामुळे झाला हे माणसालाच शोधावे लागते. उदाहरणार्थ, पी ०१७१ हा संकेतांक मिश्रणात हवा जास्त असल्याचे दर्शवितो. त्याचे कारण तडकलेली रबरी नळी असेल, पेट्रोलचा अपुरा दाब असेल किंवा सेन्सरच्या आधी धुराच्या नळीला पडलेले बारीक भोकही असेल. त्या भोकातून बाहेरची हवा आत येते आणि सेन्सरची फसगत होते. अशा वेळी नवा सेन्सर बसविल्याने पैसे जातात, दोष जात नाही.

दिव्याच्या स्थितीकडेही लक्ष द्यावे. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गावापर्यंत जाऊन लवकरात लवकर तपासणी करून घ्यावी. दिवा उघडझाप करीत असेल आणि इंजिन थरथरत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, असे समजावे. त्या सिलिंडरमधील न जळालेले पेट्रोल तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटते. काही मिनिटांतच जाळी वितळण्याचा धोका असतो. अशा वेळी वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबविणे हाच शहाणपणा. लाल रंगाचा तेलाचा किंवा तापमानाचा दिवा लागला असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे.

कन्व्हर्टर कशाने निकामी होतो?

या उपकरणात हलणारा एकही भाग नाही. योग्य परिस्थितीत ते गाडीच्या बहुतेक आयुष्यभर टिकू शकते. ते बिघडते तेव्हा दोष बहुधा त्याच्या आधीच्या एखाद्या भागात असतो. म्हणून मूळ दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसविला, तर तोही थोड्याच अवधीत जुन्याच्या वाटेने जातो. नेहमी आढळणारी कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

झिजलेले प्लग व खराब कॉइल: ठिणगी चुकली की न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते. जुने कारागीर कोणता सिलिंडर बंद आहे हे पाहण्यासाठी चालू इंजिनच्या प्लगची वायर काढून पाहतात. कार्बोरेटरच्या गाड्यांत ही पद्धत चालून गेली. कन्व्हर्टर असलेल्या गाडीत मात्र ती टाळली पाहिजे.

धक्का देऊन गाडी सुरू करणे: बॅटरी कमजोर असली की दहा जणांनी मिळून गाडी ढकलणे हे गावोगाव दिसणारे दृश्य आहे. यातही न जळालेले पेट्रोल धुराच्या नळीत साचते. दुसऱ्या बॅटरीच्या केबल लावून गाडी सुरू करणे अधिक चांगले.

तेल जाळणारे इंजिन: पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले की इंजिन ऑइल जळू लागते. त्यातील फॉस्फरस आणि जस्त यांचा थर जाळीवर बसतो. हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तर तेही असेच घातक ठरते.

भेसळीचे इंधन: रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलाने काजळी वाढते आणि गंधकही जास्त येतो. भारत स्टेज-६ च्या पेट्रोलात गंधकाचे प्रमाण दशलक्षात १० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम आहे. स्टेज-२ च्या काळी ही मर्यादा ५०० होती. शुद्धीकरण कारखान्यांनी मोठा खर्च करून काढलेला हा गंधक भेसळीच्या एका कॅनमधून पुन्हा इंजिनात शिरतो.

चुकीचा सिलिकॉन: गॅस्केटला लावण्याच्या काही सिलिकॉनमधून निघणारी वाफ ऑक्सिजन सेन्सरचे टोक निकामी करते. सेन्सरला अपाय न करणारे सिलिकॉन मिळते, तेच वापरावे.

बाहेरचा मार: शेतरस्त्यावरील दगड खालून लागला तर आतील जाळी तडकते आणि मग सायलेन्सरमध्ये खडखड ऐकू येते. तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यात घातल्यानेही हाच परिणाम संभवतो. शिवाय गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभ्या केलेल्या गाडीत उंदीर सेन्सरच्या वायर कुरतडतात. अनेकदा एवढाच दोष असतो आणि तो वायरच्या लहानशा तुकड्याने दूर होतो.

येथे इथेनॉलचाही उल्लेख करणे अगत्याचे आहे. अहिल्यानगरसारख्या साखर उत्पादक जिल्ह्यांत उसापासून तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडे विरळ होते. फवारणीच्या गाडीत सेन्सर ही तफावत ओळखतो आणि संगणक ती भरून काढतो. परंतु सेन्सर आधीच मंदावलेला असेल किंवा पेट्रोलची गाळणी तुंबलेली असेल, तर हीच तफावत दिवा लागण्यास निमित्त होते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्याही या दृष्टीने वेळोवेळी तपासल्या पाहिजेत.

तपासणीचा योग्य क्रम

पहिली पायरी, स्कॅनर लावून संकेतांक वाचणे आणि तो कागदावर लिहून ठेवणे. दोष घडला तेव्हा इंजिन किती तापलेले होते, वेग किती होता, ही माहितीही नव्या यंत्रणेत साठविलेली असते. बॅटरीची वायर काढून दिवा घालविण्याची पद्धत यासाठीच चुकीची आहे. तिने दोष राहतो आणि पुरावा पुसला जातो.

दुसरी पायरी, स्वस्त गोष्टी आधी पाहणे. एअर फिल्टर, रबरी नळ्या, प्लग, कॉइल, वायरींचे जोड, तेलाची पातळी आणि धुराच्या नळीचे सांधे, हे सर्व डोळ्यांनी व साध्या हत्यारांनी तपासता येते.

तिसरी पायरी, सेन्सरची परीक्षा. इंजिन पूर्ण तापवून स्कॅनरवर किंवा मल्टिमीटरवर दाबातील चढउतार पाहावा. दाब एकाच जागी खिळला असेल, तर मिश्रण मुद्दाम किंचित बदलून सेन्सर प्रतिसाद देतो का ते पाहावे. सेन्सरला तापविणाऱ्या तारेची आणि तिच्या फ्यूजचीही तपासणी करावी.

चौथी आणि शेवटची पायरी म्हणजे कन्व्हर्टर. तो तुंबला असेल तर गाडी चढाला ओढत नाही, वेग वाढत नाही आणि इंजिन तापते. अशा वेळी धुराच्या नळीतील मागे साचणारा दाब मोजावा. क्षमता घटल्याचा संकेतांक आला असेल तर आधीच्या तिन्ही पायऱ्या निर्दोष ठरल्यानंतरच कन्व्हर्टर बदलण्याचा निर्णय घ्यावा. प्लगचा खर्च काही शेकड्यांत आणि सेन्सरचा बहुधा काही हजारांत असतो. कन्व्हर्टरचा त्याहून कितीतरी अधिक. उलट्या क्रमाने जाणाऱ्याचे नुकसान उघड आहे.

सायलेन्सर पोकळ करण्याचा सल्ला

जाळी काढून टाकली की गाडीला जोर येतो आणि ॲव्हरेज वाढते, असे सांगितले जाते. तुंबलेली जाळी काढल्यावर गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते हे खरे; परंतु तो फरक तुंबणे दूर झाल्याचा असतो. सुस्थितीतील कन्व्हर्टर काढल्याने रोजच्या वापरात जाणवण्यासारखा लाभ होत नाही. दुसरा सेन्सर फसविण्यासाठी मध्ये तुकडा बसविणे हा त्याच फसवणुकीचा पुढचा भाग आहे. त्यामुळे दिवा विझतो. पण उद्या खरोखर ठिणगी चुकून जाळी पेटण्याची वेळ आली, तर इशाऱ्यावर विश्वास कोणी ठेवावयाचा?

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. निर्मात्याने ठरविलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ ने निर्बंध घातला आहे. प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. धूर तपासणीत भारत स्टेज-२ च्या पूर्वीच्या पेट्रोल मोटारीस कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. स्टेज-२ व ३ साठी ती ०.५ टक्के आणि स्टेज-४ साठी ०.३ टक्के आहे. पोकळ सायलेन्सरच्या गाडीला शेवटच्या दोन मर्यादा पाळणे कठीण जाते. मात्र तपासणीत उत्तीर्ण झालेली प्रत्येक गाडी निर्दोष असते, असेही मानू नये. जुन्या गाड्यांची ही चाचणी मुख्यतः उभ्या गाडीवर, मंद गतीने चालणाऱ्या इंजिनवर होते. दिवा लागलेला असताना हाती आलेले प्रमाणपत्र हे दुरुस्ती पुढे ढकलण्याचे कारण होऊ शकत नाही.

आणखी एक धोका चोरीचा. प्लॅटिनम गटातील धातूंसाठी देशाला बहुतांशी आयातीवर अवलंबून राहावे लागते आणि त्यांचे मोल मोठे आहे. त्यामुळे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये रात्रीच्या वेळी उभ्या व्हॅनचे सायलेन्सर कापून नेण्याचे प्रकार घडले. गाडी सुरू करताच अचानक मोठा आवाज येऊ लागला तर खाली वाकून पाहावे आणि पोलिसांत तक्रार नोंदवावी. कारागीर बंधूंनीही बिलाविना आलेला कन्व्हर्टर विकत घेऊ नये. दुरुस्तीत काढलेला जुना कन्व्हर्टर मालकाचा असतो. तो मालकास परत द्यावा किंवा त्याची किंमत बिलात दाखवावी.

जुनी गाडी घेताना

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने एक साधी परीक्षा करावी. किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता फलकाकडे पाहावे. इतर दिव्यांबरोबर इंजिनचा दिवाही लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच तो विझला पाहिजे. किल्ली फिरविल्यावर तो लागतच नसेल, तर त्याची जोडणी तोडली असण्याचा संभव आहे. त्यानंतर गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅनर लावावा. कारण विक्रीच्या आदल्या दिवशी पुसलेला दोष काही अंतर चालल्यावरच परत दिसतो. खालून सायलेन्सरवर नव्या वेल्डिंगच्या खुणा आहेत का, तेही पाहावे. गॅसवर चालणारी गाडी असेल तर किट मान्यताप्राप्त आहे आणि त्याची नोंदणी पुस्तिकेत नोंद आहे, याची खात्री करून घ्यावी.

शेतकऱ्यांसाठी एक विशेष सूचना. चालून आलेल्या गाडीचा कन्व्हर्टर अत्यंत तापलेला असतो आणि इंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ गरम राहतो. अशी गाडी कडब्याच्या गंजीलगत, खळ्यातील भुसकटावर किंवा वाळलेल्या गवतात उभी करू नये. ठिणगी चुकणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा धोका अधिकच वाढतो. रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यातील माळ आणि तालुक्यातील गायराने उन्हाळ्यात कोरडीठाक असतात. तेथे जाणाऱ्यांनीही गाडी मोकळ्या जमिनीवरच थांबवावी.

कारागिरांची जबाबदारी

या सर्व प्रयत्नांत गावातील गॅरेजचे स्थान महत्त्वाचे आहे. वाहनांच्या धुराची मानके ठरविण्याच्या आणि गाड्या प्रमाणित करण्याच्या कामात पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था आणि अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना यांचा वाटा मोठा आहे. अशी तज्ज्ञ संस्था ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील कारागीर केवळ अंदाजाने भाग बदलीत राहणे शोभणारे नाही. एक साधा स्कॅनर, एक मल्टिमीटर आणि संकेतांकांची वही एवढ्या साहित्यावर तालुक्यातील बहुतेक गाड्यांचे निदान होऊ शकते. ज्यांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतले आहे, अशा तरुणांनी एकत्र येऊन एक चांगला स्कॅनर सामाईक घेतला, तरी त्याचा खर्च लवकर भरून निघेल. ग्राहकांनीही निदानाच्या श्रमाचे वेगळे पैसे देण्याची सवय लावून घेतली पाहिजे. निदानाला मोल मिळाले नाही, तर कारागिराला भाग विकूनच पोट भरावे लागते आणि मग गरज नसलेले भाग बदलले जातात.

जुनी गाडी बाळगणे हा गुन्हा नाही. सर्वांना नवी गाडी परवडत नाही आणि नीट राखलेली पंधरा वर्षांची गाडी अनेक कुटुंबांच्या अडीअडचणीला धावून येते. परंतु तिचा धूर शाळेत जाणाऱ्या मुलांच्या, बाजारात दिवसभर बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांच्या आणि स्वतः कारागिराच्याही श्वासात जातो. तेलाची वेळेवर बदली, चांगले प्लग, शुद्ध पेट्रोल आणि दिवा लागताच लिहून घेतलेला एक संकेतांक, एवढ्यानेही पुष्कळ साधते. ज्यांच्या गाडीचा दिवा आज लागलेला आहे, त्यांनी या आठवड्यात ती कारागिराकडे न्यावी. कारागिराने प्रथम संकेतांक वाचावा आणि मगच पान्याला हात घालावा.